परदेशात मिशनरी कुटुंबाचं घर कसं बसवायचं: निघण्याआधीपासून पहिलं वर्ष सरेपर्यंत

सेवेसाठी दुसऱ्या देशात निघालेल्या कुटुंबाला सल्ले भरपूर मिळतात, निरोपाच्या उपासनेत डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते, फोटो निघतात, पण पिण्याचं पाणी कुठून आणायचं, मुलाला रात्री ताप चढला तर कुणाचं दार वाजवायचं आणि नवरा भाषेच्या क्लासला गेल्यावर बायकोने दोन लहान पोरं घेऊन अनोळखी घरात दिवसभर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. म्हणून जरा लांबलचक लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते, पुढे फिरून फिरून तिच्यावरच येणार आहे: घरातलं जे माणूस सगळ्यात कमी बाहेर पडतं त्याच्या वेगाने सगळ्या कुटुंबाने चालायचं. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे आई, काही घरांत चौदा-पंधरा वर्षांचं पोर.

हे माझं डोक्यातून काढलेलं नाही, जुनं उदाहरण आहे. इंग्लंडहून आलेले मिशनरी विल्यम कॅरी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत, १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि १८१० साली मराठी कोश छापणारे. पण त्यांची बायको डोरोथी आधी यायलाच तयार नव्हती, तान्हं बाळ होतं, शेवटी बहीण सोबत येणार या अटीवर निघाली. नोव्हेंबर १७९३ मध्ये कलकत्त्याला पोचले, पैसे लगेच संपले, एका जागेवरून दुसऱ्या जागी हलणं सुरू झालं, आजारपणं लागली, आणि १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर गेला. डोरोथीचं मन त्यानंतर सावरलंच नाही, १८०७ मध्ये ती गेली. कॅरींचं काम पुढे केवढं वाढलं हे सगळे सांगतात, पण पहिल्या वर्षात त्या घराला ना नीट छप्पर होतं ना माणसांचा आधार, हे मिशनरी होऊ घातलेल्या प्रत्येक जोडप्याने आधी वाचावं. १८०० पासून बंगालमधल्या श्रीरामपूरला कॅरी आणि त्यांचे सोबती मिशनरी मार्शमन आणि वॉर्ड यांनी एकत्र घर मांडलं, एक स्वयंपाक, एक तिजोरी. मार्शमन यांची बायको हॅना हिने ते सगळं कुटुंब चालवलं आणि वर शाळाही काढली. कामाला स्थिरता आली ती घर मार्गी लागल्यावर.

निघण्याआधी: कागद

व्हिसा कुठल्या प्रकारचा आहे ते दोघांनी वाचा, एकट्या नवऱ्याने वाचून चालत नाही. बऱ्याच देशांत धार्मिक कामासाठी वेगळा व्हिसा असतो. उदाहरणार्थ अमेरिकेचा आर-१, पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० महिने आणि एकूण ५ वर्षं, आणि जोडीदाराला मिळणाऱ्या आर-२ वर नोकरी करता येत नाही. म्हणजे बायको नर्स असेल आणि "तिथे जाऊन करेल काहीतरी" असा तुमचा हिशोब असेल तर तो कोसळला. टुरिस्ट व्हिसावर जाऊन सुवार्तेचं (धर्मप्रसाराचं) काम करायचं हे तर करूच नका, त्याला विश्वास म्हणत नाहीत, ते कायदा मोडणं आहे आणि त्याची झळ तिथल्या स्थानिक मंडळीला, म्हणजे चर्चला, बसते. कायदे देशागणिक फार वेगळे. नेपाळमध्ये ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या दंडसंहितेनुसार धर्मांतर घडवणं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद, परदेशी माणूस असेल तर वर हद्दपारी. अशा ठिकाणी काय चालतं काय नाही ते तिथल्या वकिलाकडून समजून घ्या, ओळखीच्या बंधूंच्या "काही होत नाही हो" वर विसंबू नका.

मग अपोस्टिल. परदेशात सरकारी कागद चालावेत म्हणून १९६१ चा हेग करार आहे, त्यात असलेल्या देशांत एक अपोस्टिलचा शिक्का पुरतो, नसलेल्या देशांसाठी त्या देशाच्या दूतावासाकडून साक्षांकन करावं लागतं आणि त्याला वेळ जातो. यादी बदलत असते, चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये आला, कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये, म्हणून जुनी माहिती वापरू नका. कागद कुठले: लग्नाचा दाखला, प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, पदव्या, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, पाळकपदाचं किंवा संस्थेचं नियुक्तीपत्र, मुलांचे मागच्या दोनतीन वर्षांचे शाळेचे निकाल, लसींचं कार्ड. सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखं आहे का ते एका बैठकीत बसून ताडून बघा, आईचं लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर, इथेच सगळ्यात जास्त अडतं. पोलिसांचा दाखला फार आधी काढू नका, बऱ्याच ठिकाणी ताजाच मागतात. सगळ्यांच्या पासपोर्टला अजून सहा महिन्यांच्या वर मुदत हवी, आणि लहान मुलांचे पासपोर्ट कमी मुदतीचे असतात हे विसरायला होतं.

मृत्युपत्र करा. दोघंही गेलो तर मुलं कुणाकडे, हे लिहून, त्या माणसाला विचारून, सही करून ठेवा. आणि मागे बँकेची, घराची कामं बघायला एका भरवशाच्या माणसाला मुखत्यारपत्र द्या. हे अशुभ वगैरे काही नाही.

निघण्याआधी: अंग आणि मन

निदान दीड-दोन महिने आधी प्रवासाच्या लसींची माहिती असलेल्या डॉक्टरकडे जा. पिवळ्या तापाची लस काही देशांत शिरतानाच मागतात, सर्टिफिकेट लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं आणि जुलै २०१६ पासून ते जन्मभर चालतं. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ही लस साधारणपणे देत नाहीत, म्हणजे तान्हं बाळ असेल तर निघायची तारीखच त्यावर ठरू शकते. दात दाखवून घ्या सगळ्यांचे, चष्म्याचे नंबर लिहून घ्या आणि जास्तीचा एक चष्मा बरोबर घ्या.

सामानाचं थोडक्यात. मोटर असलेली उपकरणं नेऊ नका, व्होल्टेज काही देशांत ११० च्या आसपास तर काही देशांत २२०-२४० आणि फ्रिक्वेन्सीही वेगळी, ट्रान्सफॉर्मर लावूनही मोटर नीट चालत नाही. त्या वजनात मुलांच्या वस्तू बसवा. प्रत्येक मुलाला एक खोकं द्या आणि त्यात काय जाईल ते त्यानेच ठरवू दे, तुम्हाला तो कचरा वाटला तरी.

निरोप नीट घ्या. मिशनरी मुलांमध्ये आयुष्यभर काम केलेल्या डेव्हिड पोलॉक यांनी यासाठी चार कामं सांगितलीत: ज्यांच्याशी बिनसलंय त्यांच्याशी नीट करून घेणं, ज्यांनी जीव लावला त्यांना तसं तोंडाने सांगणं, माणसांचाच नाही तर जागांचा, प्राण्यांचा, झाडाचासुद्धा निरोप घेणं, आणि मग पुढच्या ठिकाणाबद्दल खरंखुरं बोलणं. मोठी माणसं चौथ्यावरच उडी मारतात, "तिथे किती मज्जा येणार बघ". मुलगी आजीच्या खोलीत जाऊन रडत असेल तर रडू दे, मज्जा नंतर.

पहिला आठवडा

या आठवड्यात फक्त पाणी, झोप, फोन, आणि जवळचा दवाखाना. बाकी सगळं नंतर. स्वागताच्या सभा, साक्ष देणं (आपल्या विश्वासाचा अनुभव सभेत सांगणं), प्रमुखांच्या भेटी, या सगळ्याला नम्रपणे पुढची तारीख द्या.

पाणी उकळताना खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, आणि दोन हजार मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं, कारण उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं. दात घासायलाही तेच पाणी. ओआरएसची पाकिटं संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, हे प्रमाण कागदावर लिहून ओट्याच्या वर चिकटवा, कारण ते लागतं तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि डोकं चालत नाही, आणि मीठ जास्त पडलं तर बाळाला अपाय होतो.

झोपेचं असं की जितके टाइमझोन ओलांडलेत साधारण तितके दिवस शरीर जागेवर यायला लागतात. सकाळी मुलांना उन्हात काढा. पहाटे तीनला सगळी उठून बसली तर रागावू नका, काहीतरी खाऊ घाला आणि दिवे मंद ठेवा.

दवाखाना दिवसा, सगळे बरे असताना जाऊन बघून या. रात्री उघडा असतो का, मुलांचा डॉक्टर आहे का, पैसे आधी भरावे लागतात का, इन्शुरन्सचं कार्ड चालतं का. घराचा पत्ता स्थानिक भाषेत आणि स्थानिक पद्धतीने कार्डावर लिहून घ्या, म्हणजे "पांढऱ्या टाकीच्या मागे" असं सांगायची पद्धत असेल तर तसंच, आणि ते कार्ड प्रत्येकाच्या खिशात.

घर बघताना

पहिल्या घराचा भाडेकरार सहा महिन्यांच्या वर करू नका, जमलं तर. आणि ते संस्थेच्या ऑफिसपासून किती लांब आहे हे नंतर बघा, आधी हे बघा की आई मुलांना घेऊन पायी कुठे कुठे जाऊ शकते. दुकान, बाग नाहीतर मैदान, एखादी शेजारीण जी दिवसा घरी असते. गाडी एकच असणार आणि ती नवरा नेणार हे गृहीत धरूनच बघा. उंच भिंतीच्या आतला, इतर परदेशी लोकांनी भरलेला बंगला सुरक्षित वाटतो, पण त्यात राहून भाषा येत नाही. दुसऱ्या टोकाला, "आम्ही अगदी तळागाळात राहणार" म्हणून पहिल्याच महिन्यात पाणी नसलेल्या वस्तीत तान्ह्या बाळाला घेऊन जाणारी जोडपीही असतात, मला ते धाडस कमी आणि घाई जास्त वाटते. नंतर हलता येतं.

तब्येत: इथे हयगय नको

मलेरिया असलेल्या भागात असाल तर गोळ्या कुठल्या ते डॉक्टर ठरवेल, डॉक्सीसायक्लिन आठ वर्षांखालच्या मुलांना सहसा देत नाहीत, आणि काही गोळ्या तो भाग सोडल्यावरही चार आठवडे घ्यायच्या असतात, लोक परतल्या परतल्या बंद करतात. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, डेंग्यूचा दिवसा, म्हणजे मच्छरदाणी लावली की काम झालं असं नाही. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन द्यायचं नाही, पॅरासिटामॉल फक्त.

कुत्र्याचं मुलांना निघण्याआधीपासून सांगत राहा. पोरं चावलेलं लपवतात, कारण ते पिल्लू त्यांचं लाडकं असतं आणि आई ओरडेल अशी भीती असते. म्हणून नियम असा सांगा की कुठल्याही जनावराने चावलं, ओरबाडलं, जखमेवर चाटलं तर घरी येऊन सांगायचं आणि सांगितल्याबद्दल कधीच ओरडा मिळणार नाही, आणि मग खरंच ओरडू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि लगेच लसीसाठी निघायचं. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर उपाय उरत नाही.

आणि हो, आपण साप-विंचू-तापाला घाबरतो, पण जगभरात ५ ते २९ वयाच्या लोकांचा सगळ्यात जास्त जीव रस्त्यावरच्या अपघातात जातो. तेव्हा बाळाची कार सीट सामानात न्या, पट्टा नसलेल्या गाडीत मुलांना घेऊन रात्रीचा प्रवास टाळा, भले तो प्रवास प्रार्थनासभेचा असो.

भाषा, आणि इथेच बहुतेक घरं चुकतात

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था आहे, तिच्या हिशोबाने इंग्रजी बोलणाऱ्याला स्पॅनिशसारखी भाषा कामापुरती यायला साधारण ६०० ते ७५० तास वर्गात बसावं लागतं, आणि अरबी, चिनी, जपानी, कोरियन यांना २२०० तास. घरचा अभ्यास वेगळा. आता तुमच्या आठवड्यात किती तास निघतात ते भागून बघा. वर्ष-दोन वर्षं भाषेलाच लागणार हे पाठवणाऱ्या मंडळीला आधीच आकड्यात सांगा, नाहीतर चौथ्या महिन्यात पत्र येतं, "किती लोक विश्वासात आले?"

होतं काय, नवरा रोज सकाळी क्लासला जातो, बायको मुलं सांभाळते, "तू नंतर शीक" असं ठरतं. वर्षाने तो बाजारात गप्पा मारतो आणि तिला दाराशी आलेल्या बाईला "बसा" म्हणता येत नाही. मग तो तिचं दुभाषेपण करतो, तिचं कुठलंच काम त्याच्याशिवाय होत नाही, आणि त्या घरातली भांडणं कशावरूनही सुरू झाली तरी मूळ तिथेच असतं. म्हणून पहिल्या दिवसापासून तास समान वाटा. सकाळी ती तीन तास, दुपारी तो तीन तास, मधे मुलं आलटून पालटून. भाषेची शाळा एकाच वेळेची असेल तर शाळा एकाने सोडा आणि घरी शिकवणारी बाई लावा, पण एकाला मागे ठेवून दुसऱ्याने पुढे जायचं नाही. पाठवणाऱ्या संस्थेने फक्त नवऱ्याच्या फीचेच पैसे धरले असतील तर हे निघण्याआधी बोलून घ्या.

घरी शिकायची एक पद्धत छान चालते. शिकवणाऱ्या बाईकडून पाच-सहा वाक्यं फोनवर रेकॉर्ड करून घ्यायची: "माझं नाव अमुक, मी इथे नवी आहे, मी तुमची भाषा शिकतेय, मला एवढंच येतं, उद्या परत येईन." पाठ करायची, आणि त्याच दुपारी मुलांना घेऊन गल्लीत निघायचं. तीच वाक्यं दुकानदाराला, पाण्याशी उभ्या असलेल्या बायकांना, वॉचमनला, म्हातारबाबांना म्हणायची. पाचव्या माणसापर्यंत जीभ वळते, दहाव्याला तो काय उत्तर देतो ते थोडं कळायला लागतं, आणि बायका हसतात, चूक दुरुस्त करतात, बाळाला उचलून घेतात. दुसऱ्या दिवशी नवी वाक्यं आणि तीच माणसं. कडेवर मूल असलेली बाई यात नवऱ्यापेक्षा पुढे जाते, कारण तिच्याशी बोलायला कुणी बिचकत नाही. खरेदी पण रोज थोडी थोडी करा, आठवड्याची एकदम नको. मोठ्या सुपरमार्केटमध्ये ट्रॉली भरून न बोलता बाहेर पडता येतं, आणि तोच तोटा आहे.

मुलं

लहान मुलं भाषा पटकन उचलतात हे अर्धं खरं. बरीच मुलं आधी कित्येक आठवडे नव्या भाषेत गप्पच राहतात, ऐकत असतात. शाळेतून "बोलत नाही" अशी तक्रार आली तर घाबरू नका, पण घरी आपली भाषा घट्ट धरा. वाचायला-लिहायलाही शिकवा, आजीला पत्र लिहिता यायला हवं.

शाळेचं एकच उत्तर नाही. स्थानिक शाळेत भाषा आणि मित्र मिळतात पण पुढे कॉलेजला कुठे जाणार ते बघावं लागतं, इंटरनॅशनल शाळा पुढचं सोपं करते पण फी सपोर्टचा (पाठवणाऱ्यांकडून येणाऱ्या पैशाचा) मोठा लचका तोडते, होमस्कूलिंग आईवर पडतं (आणि मग तिची भाषा राहते, बघा परत तिथेच आलो), शिवाय ते सगळीकडे कायदेशीर नाही, जर्मनीत तर चालतच नाही. पूर्वी मिशनरी मुलांना बोर्डिंगलाच घालायचे, मसुरीचं वुडस्टॉक १८५४ पासूनचं, कोडाईकनालची शाळा १९०१ ची. सहा-सात वर्षांची पोरं कित्येक महिने आईबापांपासून लांब राहायची. तिथून चांगली माणसं घडली, आणि काहींना ते आयुष्यभर सललं, दोन्ही खरं. माझं मत विचाराल तर बारा वर्षांखाली नको. शाळा दरवर्षी नव्याने ठरवा, प्रत्येक मुलासाठी वेगळी.

रूथ हिल युसीम आणि त्यांचे पती जॉन १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन लोकांचा अभ्यास करत होते, तिथून 'थर्ड कल्चर' मुलांची कल्पना आली: आईबापांची एक संस्कृती, राहत्या देशाची दुसरी, आणि मूल त्या दोन्हींच्या मधे आपलीच एक तिसरी घडवतं. तुमच्या मुलीला उद्या कुणी विचारलं "तू कुठली?" तर ती अडखळेल. तिच्या वतीने उत्तर देऊ नका.

टीनएजर असेल तर त्याला निर्णयात घ्या, नुसतं कळवू नका. आणि मुलांना स्टेजवर उभं करून तिथल्या भाषेत गाणं म्हणायला लावणं, प्रत्येक पाहुण्यासमोर, हे बंद करा. सेवेला तुम्हाला बोलावणं आलंय, त्यांना तुम्ही आणलंय.

मंडळी, पैसा, पत्रं

पहिल्या महिन्यापासून स्थानिक भाषेच्या उपासनेला जा, एक शब्द कळला नाही तरी, मागच्या बाकावर. परदेशी लोकांची मंडळी असेल तर महिन्यातून एखाद वेळ, आपल्याला समजेल असं वचन ऐकायची गरज असतेच. पण पहिल्या वर्षी कुठेही पुलपिटवर चढू नका, म्हणजे उपदेश द्यायला उभं राहू नका. बोलावतील, पाहुणा म्हणून मान देतील, तेव्हाही.

पैशाचं: घर मांडायचा खर्च आणि महिन्याचा खर्च वेगळे लिहा, नाहीतर पहिल्या तीन महिन्यांचा आकडा बघून छातीत धडकी भरते. सपोर्ट एका चलनात आणि खर्च दुसऱ्यात, म्हणून बजेट आजच्या दराने नाही तर थोडं पडलेल्या दराने मांडा. दोन वेगळ्या बँकांची कार्डं. बऱ्याच देशांत वर्षात १८३ दिवसांच्या वर राहिलात की करासाठी तिथले रहिवासी ठरता, ते पहिल्याच वर्षी विचारून घ्या.

प्रार्थनापत्र महिन्याला एक पुरे. शेजाऱ्यांच्या गरिबीचे फोटो, त्यांच्या मुलांचे चेहरे, नव्याने विश्वासात आलेल्याचं खरं नाव आणि गाव, यातलं काही पाठवायचं नाही. ते पत्र फॉरवर्ड होत होत कुठे पोचेल सांगता येत नाही, आणि ज्याच्यावर बेतेल तो तुम्ही नसता.

मन उतरतं तेव्हा

कलेर्वो ओबर्ग नावाचे मानववंशशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५४ साली रिओ द जानेरोच्या महिला क्लबपुढे कल्चर शॉकवर भाषण दिलं. त्यांनी दिलेली लक्षणं आजही जशीच्या तशी लागू पडतात: सारखे सारखे हात धुणं, पाण्याची, अन्नाची, अंथरुणाची नको इतकी काळजी, आपल्याला सगळे फसवतायत असं वाटणं, थोड्याशा उशिरावरून भडकणं, बारीकसारीक दुखण्यांचा घोर, आणि घरी जायची जबरदस्त ओढ. सुरुवातीचे दिवस मजेत जातात, मग हे येतं. तेव्हा ती "विश्वासाची कमतरता" आहे असं एकमेकांना म्हणू नका. घरात एक ठरलेली सुट्टी ठेवा, त्या दिवशी पाहुणे नाहीत, भाषा नाही, आपल्याच भाषेतली गाणी, आपलंच जेवण. झोप उडाली, आठवडेच्या आठवडे रडू थांबत नाही, मुलांकडे बघवत नाही असं झालं तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही, आणि संस्थेला लपवू नका.

वर्ष भरताना

व्हिसाची मुदत संपायच्या तीन महिने आधीची तारीख आत्ताच फोनमध्ये टाका, नूतनीकरणाचे कागद बहुतेक ठिकाणी तेव्हापासून जमवावे लागतात. आणि वर्ष भरायच्या सुमारास घरातल्या प्रत्येकाशी वेगळं बसा, जोडीदाराशी, प्रत्येक मुलाशी. विचारायचं एवढंच: इथे तुला नावाने हाक मारणारी किती माणसं आहेत, आणि आमच्याशिवाय तू कुठे कुठे एकटा जाऊ शकतोस? ज्याचं उत्तर सगळ्यात तोकडं येईल त्याच्या सोयीने पुढच्या वर्षाचं घर, शाळा आणि कामाचे तास ठरवा, आणि ते ठरल्यावरच संस्थेला पुढच्या कामाच्या तारखा द्या.